डाव्या बाजूची लाल पट्टी

प्रिय आलान,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, नव्या वर्षाला यायचं जमेलसं दिसत नाही, आणि लगेच माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस. गुडघा बरा आहे. फोनवर तुला विषय बदलता येतो. पत्रात येत नाही, म्हणून पत्र लिहिते आहे. हार्बिनला बाहेर बर्फ असेल आणि तुमचं स्वयंपाकघर उबदार असेल. तिथे बसून सावकाश वाच. मध्येच राग आला तर बाजूला ठेव, चहा पी, पण शेवटपर्यंत ये. अक्षराला हसू नकोस. रेशमाच्या गिरणीतल्या वर्गात शिकलेलं अक्षर आहे. तुझे बाबा मला म्हणायचे, तुझं अक्षर म्हणजे कोष उकलताना तुटलेला धागा. तुटलेला धागाही विकला जातो, असं मी त्यांना सांगायचे.

इथे वर्षाचा शेवटचा महिना लागला आहे. गल्लीत खिडक्यांबाहेर बांबूंवर खारवलेली बदकं वाळत आहेत. शेजारच्या पाओ वहिनींनी त्यांची काही बदकं आपल्या बांबूवर आणून टांगली. आपल्याकडे ऊन जास्त येतं म्हणे. त्यांच्या बदकांच्या पायांना लाल दोरा बांधला आहे. मी नुसतं पाहिलं, तर म्हणाल्या, 'तुमच्यावर विश्वास आहे हो. दोरा बदकांसाठी आहे, घर विसरू नये म्हणून.' त्या अजून पुलाच्या पायथ्याशी आंबवलेला टोफू विकतात. टोफूचा वास पूर्वीइतकाच आहे, त्यांची जीभ मात्र जास्त तिखट झाली आहे. बँकेने यंदाही नव्या वर्षाला दारावर चिकटवायच्या ओळी घरोघर छापून वाटल्या. लाल कागद, सोनेरी अक्षरं, उजवीकडे भरभराट, डावीकडे दीर्घायुष्य आणि खाली बँकेचा फोन नंबर. पूर्वी या गल्लीतल्या सगळ्या दारांच्या ओळी तुझ्या बाबांच्या हातच्या असत. आता निम्मी गल्ली बँकेची आहे.

पुतळ्याविषयी तुला कळलं आहे, हे मला माहीत आहे. पाओ वहिनींच्या सुनेने तुला फोटो पाठवला आणि मग माझ्यापाशी येऊन कबूल केलं. म्हणजे तुला का जमत नाही, हेही मला माहीत आहे. पुलाच्या पायथ्याशी, जिथे पूर्वी सोया सॉसचं दुकान होतं तिथे, काशाची एक मुलगी उभी आहे. दोन शेंड्या, दोन्ही हातांत धरलेली बाटली, खाली घातलेली मान. चौथऱ्यावर लिहिलं आहे, 'रुआन मास्तरांची मुलगी'. तिथे तुझं नाव यायचं होतं. ते मी येऊ दिलं नाही.

हे सगळं आपल्या गावच्या सांस्कृतिक कार्यालयातल्या थाओ बाईंचं काम. वसंतात त्या मोजायची टेप आणि शाळेचं पुस्तक घेऊन घरी आल्या. बाई चांगली आहे, कामाची आहे, फक्त छापलेलं सगळं खरं मानते. दारातच म्हणाल्या, 'काकू, लेखात अंगणात डाळिंबाचं झाड आहे. ते कुठे आहे?' मी म्हटलं, लेखात आहे. त्यांनी टिपून घेतलं. मग म्हणाल्या, आठवड्यातून दोनदा शाळेची मुलं घर पाहायला येतील, तुम्ही नुसतं चुलीजवळ बसायचं, काही करायचं नाही. मी विचारलं, बोलायचंही नाही? त्या अवघडल्या. 'लेखात तुम्ही अगदी अबोल आहात, काकू.' मी म्हटलं, लेख लहान आहे. पाओ वहिनी भिंतीपलीकडून ऐकत होत्याच. तिथून ओरडल्या, 'बाई, हिला गप्प बसवायला सरकारी आदेश आणा, तरच जमेल.' गेल्या उन्हाळ्यात कार्यालयाने अंगणात डाळिंबाचं रोप लावलं. जगलं आहे. लेखातलं झाड आता खरं झालं.

बाबांचा तो लेख तुला तोंडपाठ आहे. देशातल्या किती मुलांना असेल कोण जाणे. तरी इथे थोडक्यात लिहिते, कारण मला पुढचं सगळं नीट ओळीने सांगायचं आहे. पाच-सहा वर्षांची मुलगी बाटली घेऊन सोया आणायला जाते. परतताना पुलाच्या पायऱ्यांवर बाटली कलंडते. मुलगी घाबरते, बाटलीत गार चहा भरते, मीठ घालते आणि घरी आणून ठेवते. आई त्यात टोफू शिजवते. वडील पहिला घास घेतात. त्यांना कळतं. ते काही बोलत नाहीत, आणखी एकदा वाढून घेतात. मुलगी मान खाली घालून बसलेली असते. बाहेर डाळिंबाला फुलं आलेली असतात. एवढाच लेख. तो वाचून रडलेली माणसं मी पाहिली आहेत. एकदा आगगाडीत एका तिकीट तपासनीसाने बाबांचं नाव वाचून त्यांना बसायला स्वतःची जागा दिली होती.

आणि ज्या कविता त्यांना स्वतःला लेखापेक्षा मोठ्या वाटायच्या, त्या पलंगाखाली आहेत. पातळ पुस्तकं, पिवळा कागद. गाळावरची, होडीच्या कडेला घासणाऱ्या दोरावरची, पानं खाणाऱ्या रेशमाच्या किड्यांच्या आवाजावरची. तुझ्या जन्माआधी सरकारने शहरातल्या शिकलेल्यांना शेतावर धाडलं, तसं त्यांनाही माझ्या माहेरच्या गावी भातशेतीवर कामाला पाठवलं होतं, तेव्हा कागद जवळ ठेवायची सोय नव्हती. म्हशीमागे चालता चालता ते मनात ओळी जुळवायचे आणि विसरू नयेत म्हणून पुटपुटायचे. मुकादमाने एकदा विचारलं, 'कोणाला शिव्या देतोस रे?' ते म्हणाले, 'म्हशीची पावलं मोजतोय.' मुकादमाला ते पटलं. शहरातली माणसं काहीही मोजतात. मी तेव्हा तुतीची पानं तोडायला जायचे. त्यांना म्हटलं, मला म्हणून दाखवा. त्यांनी म्हणून दाखवलं. मी म्हटलं, हे तर मलाही कळलं. मला ती स्तुती वाटत होती. त्यांना वाटलं मी त्यांना हिणवलं. बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एके दिवशी आपणच येऊन म्हणाले, 'विचार केला. तुला कळतं हे चांगलंच आहे.' अशी आमची सोयरीक.

पुढे दिवस पालटले, ते शाळेत मास्तर झाले, पुस्तकं निघाली. कवितेच्या कार्यक्रमांना बोलावणी यायची. ते नदीच्या कविता वाचायचे, लोक अदबीने ऐकायचे, आणि शेवटी मागून कोणीतरी म्हणायचंच, 'मास्तर, ते सोयाचं होऊन जाऊ दे.' घरी येऊन जोडे काढताना ते म्हणायचे, 'मी यांना आख्खी नदी देतोय, यांना बाटलीभरच हवी.' हे रागाने नव्हे. भूक लागलेली असायची तेव्हा थोड्या रागाने.

तो दिवस मला नीट आठवतो. मी गिरणीत होते आणि तू पाओ वहिनींकडे खेळत होतीस. सोया आणायला मास्तर स्वतः गेले. सोया कुपनावर मिळायचा, आणि ते महिन्याचं शेवटचं कुपन होतं. परत येताना पुलावर मेंगकाका भेटले. ते तेव्हा शाळेत गणित शिकवायचे आणि कोणाला न सांगता कविता करायचे. सगळ्यांना माहीत होतं. दोघे पायऱ्यांवर बसले, बाटली मध्ये ठेवली. वाद लागला. बाबांच्या एका कवितेत पहाटे कालव्यावर 'धुकं' असावं की 'वाफ'. मेंगकाका म्हणत होते वाफ. बाबा म्हणत होते धुकं, आणि धुकं केवढं पसरतं ते दाखवायला त्यांनी हात पसरला. बाटली पायऱ्या उतरत गेली. फुटली नाही, पण पाण्याशी पोचेपर्यंत रिकामी झाली होती. मेंगकाका अजून सांगतात की खाली पाण्यात मासे गोळा झाले आणि त्यांना ते आवडलं.

संध्याकाळी मी आले, टोफू शिजवला. रंग बरा आला होता. तू स्टुलावर बसली होतीस. बाटली उचललीस, नाकाशी धरलीस आणि म्हणालीस, 'बाबा, ह्याला तुमच्या कपाचा वास येतोय.' मग काडीने आतून चहाचं पान काढलंस आणि त्यांच्या भातावर ठेवलंस. मी इतकी हसले की पाओ वहिनी दारात आल्या, घरात काय झालं ते पाहायला. कोणीच तो टोफू खाईना. मास्तरांनी मात्र दोनदा वाढून घेतला, कारण टाकायची त्यांना लाज वाटत होती. दुसऱ्यांदा वाढून घेण्यामागे एवढंच होतं. त्या महिन्यात आपण सगळं मिठावर भागवलं आणि मी त्यांना रोज विचारलं, मास्तर, आज वाफ वाढू की धुकं?

लेख त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. मी वाचला आणि म्हटलं, अहो, हिने कुठे सांडलं? ते म्हणाले, 'पुरुषाने सांडलं तर तो धांदरट. मुलीने सांडलं तर लेख होतो.' मला तेव्हा ते खरंच वाटलं, आणि अजूनही ते खोटं म्हणता येत नाही. एका मासिकातला लेख, वाचून लोक विसरतील, असं आम्ही धरून चाललो होतो. तो शाळेच्या पुस्तकात जाईल आणि नेमका तुझ्याच वर्गाच्या, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग तुला वर्गात उभं करून वाचायला लावलं. मधल्या सुट्टीत पोरं तुझ्यामागे रिकाम्या बाटल्या घेऊन फिरायला लागली. परीक्षेत प्रश्न आला, वडिलांनी दुसऱ्यांदा का वाढून घेतलं? तू लिहिलंस, 'कारण चूक त्यांचीच होती.' शून्य मिळालं. बाजूला लाल शाईत शेरा, 'लेख पुन्हा लक्षपूर्वक वाच.' तू ती उत्तरपत्रिका बाबांच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, शाळेत येऊन सांगा. त्यांनी हसून म्हटलं, 'अगं, लेखातली मुलगी तू नव्हेसच.' तू म्हणालीस, 'मग तिचं नाव आलान कशाला?'  एवढी पुस्तकं लिहिलेला माणूस, पण ताट पुढे ओढून जेवायला लागला.

त्या वर्षाअखेरीस तू डावी ओळ लिहिली नाहीस. मला त्या ओळींची मजा अजून आठवते. दाराच्या उजव्या पट्टीवर बाबांनी ओळ लिहायची आणि डाव्या पट्टीवर तू तिला उत्तर द्यायचं. शब्दासमोर शब्द. तू पहिलीत होतीस तेव्हा त्यांनी लिहिलं, 'जुनं वर्ष होडीतून गेलं.' तू स्टुलावर उभी राहून, जीभ बाहेर काढून लिहिलंस, 'नवं बदक भांड्यातून आलं.' जुन्यासमोर नवं, वर्षासमोर बदक, होडीसमोर भांडं, गेलंसमोर आलं. गल्लीतली माणसं ते वाचायला स्वतःचं दार सोडून आपल्या दाराशी उभी राहत. मेंगकाका बाबांना म्हणाले होते, 'रुआन, तुझ्या घरात कवी आहे, आणि तो तू नव्हेस.' बाबांना ते फार आवडलं होतं. ते सगळ्यांना सांगत सुटले होते.

तू हार्बिनला गेलीस, रसायनशास्त्र घेतलंस. बाबा म्हणाले, असा विषय निवडलाय की त्यात वडिलांच्या भावना विचारत नाहीत. दर वर्षी ते उजवी ओळ लिहायचे आणि डावीकडे कोरा लाल कागद लावायचे. पाहुणे विचारायचे, खळीने अक्षरं खाल्ली का? ते म्हणायचे, उत्तर वाटेत आहे. तू नवऱ्याला घेऊन आलीस, मुलाला घेऊन आलीस, कोऱ्या कागदाशेजारून आत आलीस, आणि आपण सगळ्यांनी खारं बदक खाल्लं. कोणी काही बोललं नाही. तुम्ही दोघं एकसारखी होतात. मी एकटी बोलायचे, म्हणून आपल्या घरात बोलणं होतं असं वाटायचं.

आता या हिवाळ्याच्या तोंडाशी काय झालं ते ऐक. पुतळा नुकताच बसवला होता. जिल्ह्याच्या शाळेतून एक वर्ग आला. थाओ बाई पुढे, हातात कर्णा. मला मुलांबरोबर पुलापर्यंत नेलं. मुलांनी रांगेत उभं राहून आख्खा लेख म्हटला. लांब आहे तो. माझा गुडघा दुखायला लागला, म्हणून मी पाओ वहिनींच्या टोफूच्या मडक्याजवळच्या ठेंगण्या स्टुलावर बसले आणि वर पाहिलं. आलान, उभं राहून पाहिलं तर ती मुलगी लाजेने मान खाली घालून उभी आहे. स्टुलावरून पाहिलं तर तिचं नाक बाटलीच्या तोंडाशी आहे. ती वास घेते आहे. शिल्पकार शहरातला, त्याने बिचाऱ्याने पुस्तकात होतं तेच केलं, मान जेवढी झुकवायची तेवढी झुकवली आणि बाटली छातीशी धरायला लावली. पण लहान मुलीची मान केवढी, छाती केवढी. ती तूच आहेस. डोळे बारीक केलेले आहेत. आता बोलणार आहेस.

मला हसू आवरेना. वर्गातल्या एका मुलीने विचारलं, 'आजी, ती रडतेय ना?' मी म्हटलं, रडत नाही गं, पकडतेय. आणि मग मी सांगितलं. पूल, मेंगकाका, धुकं, चहा, काडीवरचं पान, सगळं. थाओ बाईंनी दोनदा कर्णा तोंडाशी नेला आणि दोनदा खाली घेतला. मुलं ओळीने स्टुलावर बसून वर पाहायला लागली. 'खरंच की, वास घेतेय.' 'बघ, नाक बघ.' त्यांच्या मास्तरीणबाई घाबऱ्या झाल्या. म्हणाल्या, 'काकू, परीक्षेत यांनी काय लिहायचं?' मी म्हटलं, ते मला विचारू नका, आमच्या घरात या प्रश्नाला शून्य मिळालेलं आहे. तेव्हापासून मुलं आली की आधी स्टूल मागतात. पाओ वहिनींनी चार नवे स्टूल आणले आहेत. बसलेल्या पोराला सांगतात, 'काशाच्या बाटलीला काय वास, माझ्या मडक्याचा घे.' थाओ बाई आता अधूनमधून येतात, सरकारी काम नसतानाही. मध्यंतरी हळूच विचारत होत्या, 'काकू, मास्तरांच्या कविता कुठे मिळतील?' मी पलंगाखाली हात घातला. त्यांनी दोन पुस्तकं नेली. एक परत आणलं. दुसरं वाचताहेत असं म्हणाल्या. पूर्वी जे छापलेलं दिसेल ते त्या खरं मानायच्या, आता विचारतात.

यातलं एक तुला अजून कोणी सांगितलेलं नाही. बाबा गेले त्याच्या आधीच्या शरदात त्यांना जिल्ह्याच्या शाळेने भाषणाला बोलावलं. मी बरोबर होते. सभागृह भरलेलं. त्यांनी कविता आणल्याच नव्हत्या. उभे राहिले आणि म्हणाले, 'मुलांनो, सोया मी सांडला. चहा मी भरला. माझ्या मुलीने मला पकडलं. ती पुस्तकात आहे तशी मान खाली घालणारी मुलगी नाही.' आणि खाली बसले.  मग टाळ्या, थांबेचनात. मुख्याध्यापिका डोळे पुसत माइकपाशी आल्या. म्हणाल्या, 'पाहा मुलांनो, इतक्या वर्षांनंतरही वडील मुलीची चूक स्वतःवर घेत आहेत. धडा अजून संपलेला नाही.' पुन्हा टाळ्या. बाबा उठून परत सांगायला गेले, तर त्यांच्या गळ्यात शाळेचा मानाचा लाल रुमाल बांधला. आम्ही घरी आलो. अंगणातल्या बाकावर बसले, जोडे काढले आणि हसायला लागले. इतके हसले की खोकला आला. म्हणाले, 'आता खरं सांगायची सोयच उरली नाही. इतकं चांगलं लिहायला नको होतं.' मग म्हणाले, 'आलान नव्या वर्षाला येईल तेव्हा मी सांगतो तिला. तू मध्ये बोलू नकोस, तू सांगितलंस तर विनोद होईल.' आणि नव्या वर्षाच्या आधीच ते गेले.

तू आलीस तेव्हा घर पांढऱ्या कपड्यांनी आणि साहेबलोकांनी भरलेलं होतं. प्रत्येक जण सोयाविषयी बोलत होता. तू भिंतीला पाठ लावून उभी होतीस. त्या गर्दीत ही गोष्ट सांगण्यासारखी नव्हती. सांगताना मला हसू आलं असतं, तुलाही आलं असतं, आणि शवपेटी घरात असताना हसलेलं पाओ वहिनींनीसुद्धा चालवून घेतलं नसतं. मग दारावर दुखवट्याचे कागद आले. पहिल्या वर्षी पांढरा, दुसऱ्या वर्षी हिरवा, तिसऱ्या वर्षी पिवळा. दोन्ही बाजूंना कोरे. लिहिणाराच नव्हता. हसण्यासारखं जे जे होतं ते मी बाजूला ठेवून दिलं होतं, खारवून, बदकासारखं. आता तिन्ही रंग झाले. या वर्षी आपल्या दाराला पुन्हा लाल.

गेल्या आठवड्यात मी लाल कागद आणला, पट्ट्या कापल्या, खळ शिजवली. बँकेच्या ओळी थाओ बाईंच्या हातून परत पाठवल्या. बाबांचा कुंचला भिजत घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा उजवी ओळ मी लिहिली. एका जागी शाई फुटली आहे. पाओ वहिनी पाहून म्हणाल्या, 'कागदावरून कोंबडी गेली वाटतं.' वाचल्यावर मात्र गप्प झाल्या, आणि हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मेंगकाका नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. त्यांना आता ऐकू येत नाही, पण दिसतं. ओळ वाचली. म्हणाले, 'बरोबर आहे. मी साक्षीला होतो.' आणि जाताना वळून म्हणाले, 'पण शब्द वाफच हवा होता.' येणारी-जाणारी शाळेची मुलंही वाचतात. ओळ अशी आहे: 'बापाने सांडला सोया पायरीवर.' बाबांना ही कविता वाटली नसती. चालेल. खरं आहे, आणि दारावर आहे, दोन्ही एकदम. डावीकडचा कागद लावला आहे आणि कोरा आहे. बापासमोर कोण यायचं, सांडण्यासमोर काय, सोयासमोर काय, हे आता गल्लीतल्या कुठल्याही पोराला कळतं. परवा एक जण पेन्सिल घेऊन लिहायला निघाला होता, त्याला मी हाकललं. ती ओळ तुझी आहे. फोनवर सांगून चालणार नाही, माझ्या अक्षरात ती शोभायची नाही. कुंचला धुऊन खिडकीत टांगला आहे, शाई उगाळायला मी आहे, आणि तुझं ते जुनं स्टूल मी पाओ वहिनींना दिलेलं नाही. आता तुला ते लागणार नाही, पण पुलावर न्यायला बरं पडेल. एकदा त्यावर बसून तिच्याकडे वर पाहा.

डाव्या ओळीची वाट पाहणारी,
तुझीच,
आई